सायकल झाली, आता मासे कुठल्या क्रमानं सोडायचे? (३ फुटी टँक, सांगली)

विश्रामबाग_तीनफुटी

मंडळी, टँकची सायकल (म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमधे वाढवणं) पूर्ण झाली असं दिसतंय. माहिती सगळी आधीच देतो, म्हणजे परत विचारायला नको.

टँक ३६ × १५ × १५ इंच. खाली दोन इंच बारीक वाळू, एक मोठं लाकूड, त्यावर अनुबियास आणि जावा फर्न ही पाणवनस्पती. आतला पॉवर फिल्टर, शिवाय एअर पंपावर एक स्पंज फिल्टर. हीटर आणलाय, अजून लावला नाही. पाणी महापालिकेच्या नळाचं: टीडीएस (विरघळलेले क्षार) ३१०, पीएच ७.८, केएच (पीएच धरून ठेवणारी कार्बोनेट कठीणता) ७, जीएच (एकूण कठीणता) ८. घरी बोअर आहे, पण त्याचा टीडीएस ११०० च्या वर, म्हणून ते पाणी टँकला लावलेलं नाही.

सायकल मासे न सोडता केली, लॅबचं अमोनियम क्लोराइड टाकून. ४१ दिवसांत २ पीपीएमचे (लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया) एकूण आठ डोस गेले, मधे पाणी एकदाही बदललं नाही. शेवटचा डोस काल रात्री नऊला. आज रात्री नऊला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नायट्रेट ४० आणि ८० च्या मधे कुठेतरी, टेस्ट किटच्या कार्डावरचे दोन्ही लाल मला सारखेच दिसतात.

मनातली यादी: १२ निऑन, ६ कोरी, ४ मोली, २ एंजल आणि काच साफ करायला १ सकर.

दुकानांत दोन मतं मिळाली. एक म्हणतो सायकल झालीय तर सगळे एकदम सोडा. दुसरा म्हणतो रोज दोन-दोन सोडत जा. नेमकं काय करू? पहिला मासा कुठला, आणि दोन खेपांमधे किती दिवस?

वारणाकाठ

आधी पाणी किती ते ठरवा. तुमचं माप कागदावर १३२ लिटर होतं. वाळू, लाकूड आणि वर मोकळा सोडलेला दीड इंच वजा केला की हातात १०० लिटर उरतात. पुढचा सगळा हिशोब १०० वर.

अमोनिया माशांच्या डोक्यांवर ठरत नाही, खाद्याच्या वजनावर ठरतो. ४० टक्के प्रथिनांचं १ ग्रॅम खाद्य माशांनी खाल्लं की साधारण ४५ मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो, म्हणजे १०० लिटरमधे ०.४५ पीपीएम. तुमचा फिल्टर २४ तासांत २ पीपीएम पचवतोय, तर आजच्या घडीला तो दिवसाला चार ग्रॅम खाद्य पेलेल. बारा निऑन आणि सहा कोरी मिळून दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास खातात. त्यामुळे ‘एकदम सोडले तर अमोनियानं मरतील’ ही भीती तुमच्या टँकला लागू नाही. ती लागू आहे बॅक्टेरियाची बाटली ओतून आठ दिवस फिल्टर चालवायचा आणि त्यालाच सायकल म्हणायचं, अशा टँकला.

तरीही एकदम सोडू नका. कारण रोग. दुकानातल्या प्रत्येक टाकीचं पाणी वेगळं, माल वेगळ्या गावाहून आलेला. पाच जातींचे मासे एकाच दिवशी आणले आणि चौथ्या दिवशी अंगावर पांढरे ठिपके दिसले, तर ठिपके कुणी आणले ते कळत नाही आणि औषध सगळ्यांना द्यावं लागतं. कोरीला मोजून द्यायचं औषध बार्बसारख्या दणकट माशाच्या मापानं दिलं की कोरी जातात. खेपा केल्या तर रोग एका खेपेपुरता राहतो.

रोज दोन-दोन हा प्रकार त्याहून वाईट. प्रत्येक पिशवीबरोबर नवा रोग यायची शक्यता, आणि पंधरा-वीस दिवस लक्ष ठेवायचं म्हटलं तर ती मुदत रोज नव्यानं सुरू होते, संपतच नाही. शिवाय घोळक्यानं राहणारे मासे दोनच सोडले तर लाकडामागं दडून बसतात आणि खात नाहीत. घोळका एका वेळी पुरा आणायचा, दोन घोळक्यांमधे अंतर ठेवायचं.

आता यादी. स्पष्ट सांगतो, राग मानू नका.

सकर काढा. दुकानात तीन इंचाचा दिसतो, वाढून फूट-दीड फूट होतो. दीड फुटी मासा १५ इंच रुंदीच्या टँकमधे वळणार कसा? काचेचं शेवाळ तो लहानपणी खातो, मोठा झाला की खाद्यच मागतो आणि घाण मात्र अख्ख्या टँकएवढी करतो. मग लोक पिशवीत घालून नदीवर जातात. उजनीच्या जाळ्यांत सकर निघतात ते असेच कुणीतरी सोडलेले. कृष्णेला तो आहेर नको. त्याऐवजी एक ब्रिसलनोज (सकरचीच छोटी जात) घ्या, चार-पाच इंचांवर थांबतो.

एंजल आणि निऑन जोडी बसत नाही. एंजल नाण्याएवढा आणला तर सहा-आठ महिने सगळं छान चालतं, मग एकेक निऑन कमी होत जातो. बारीक, लांबट मासा एंजलच्या तोंडात आडवा बसतो. दोघांतला एक निवडा.

मोलीला जीएच-केएच दोन्ही चढे लागतात. तुमच्या पाण्यात मरणार नाही, पण निऑनला सोयीचं पाणी केलंत तर मोली एका जागी थरथरत राहते. शिवाय चाराच्या चाळीस होतात. तुमच्या बोअरच्या पाण्यावर मोली, प्लॅटी, गप्पी यांचा वेगळा टँक उत्तम चालेल. या टँकमधे नको.

माझ्या हिशोबानं: आधी १० हार्लेक्विन रासबोरा. नाही मिळाले तर ८ झेब्रा डॅनियो, ते तर आणखी दणकट. तीन आठवड्यांनी ६ कोरी, एकाच जातीचे, सहा म्हणजे सहा. दोन ब्राँझ, दोन पांडा असा चिवडा नको. पुढं तीन आठवड्यांनी ब्रिसलनोज, तोवर लाकडावर आणि काचेवर त्याच्यासाठी थोडं शेवाळ धरलेलं असतं. निऑन नवव्या-दहाव्या आठवड्यात. सगळ्यात शेवटी, हवीच असेल तर, हनी गोरामीची जोडी.

गोरामी शेवटी का, तर जागा धरणारा मासा आधी सोडला की अख्खा टँक त्याचा होतो आणि नंतर येणारे सगळे घुसखोर ठरतात. निऑन उशिरा का, तर ‘सायकल झाली’ आणि ‘टँक मुरला’ यात फरक आहे. निऑनला पीएच आणि टीडीएसची रोजची वरखाली सोसत नाही, आणि पहिले दोन महिने नवा टँक नेमकी तीच करतो.

सोडायच्या आधी ६५ टक्के पाणी बदला. नायट्रेट ६० धरला तर २१ वर येईल. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट: १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, १० लिटर पाण्याला त्यातलं २ मिलिलिटर. ६५ लिटरला १३. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आलं आणि नळाला क्लोरीनचा वास मारायला लागला की दुप्पट घ्या.

पाणी बदलल्यावर दोन-तीन दिवसांत पहिली खेप यायला हवी. लांबणार असेल तर एक दिवसाआड १ पीपीएमचा डोस चालू ठेवा, तुमच्या टँकला ०.३ ग्रॅम. फिल्टरला उपाशी ठेवू नका. आणि शेवटच्या डोसनंतर अमोनिया शून्य दिसल्याशिवाय मासा आत नाही.

अजिंक्यतारा

वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट सुटलीय. विश्रामबाग, तुम्ही केएच ७ लिहिलंय ते नळाचं. टँकचं मोजलंय का?

अमोनियाचं नायट्रेट होताना केएच खर्च होतो. २ पीपीएमच्या एका डोसला साधारण ०.६५ अंश. तुमचे आठ डोस, म्हणजे सव्वापाच अंश गेले. पाणी बदललेलं नाही. माझ्या अंदाजानं टँकमधे आता केएच २ च्या आत आणि पीएच सातच्या खाली असणार.

याचा माशांशी संबंध असा. अमोनिया दोन रूपांत असतो, एक बराचसा निरुपद्रवी, दुसरं विषारी. पीएच एक अंकानं चढला की विषारी रूपाचा वाटा जवळजवळ दहा पट होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ वर तो अर्धा टक्का असतो, पीएच ८ वर पाच टक्क्यांच्या पुढं. आज तुमच्या टँकमधे ०.२५ अमोनिया राहिला असता तरी मासा कदाचित धकला असता. उद्या ६५ टक्के नळाचं पाणी आत आलं की पीएच चढणार, आणि तोच ०.२५ कल्ले जाळणार. म्हणून क्रम असा ठेवा: अमोनिया शून्य बघा, मग पाणी बदला, एक रात्र जाऊ द्या, परत केएच-पीएच बघा, आणि त्यानंतरच मासे.

साताऱ्यातल्या वाचणाऱ्यांसाठी जादाचं: कासचं पाणी येतं त्या भागात पाणी मऊ असतं, मुळातच केएच दोन-तीन. तिथं सायकल मधेच अडकते, अमोनिया उतरेनासा होतो आणि लोक बॅक्टेरियाच्या बाटल्या ओतत बसतात. आधी केएच मोजा. उरमोडीचं पाणी येणाऱ्या भागातही शेजाऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका, आपल्या नळाचं मोजा. केएच वाढवायला खायचा सोडा पुरतो: १०० लिटरला ३ ग्रॅम म्हणजे एक अंश. मगभर पाण्यात विरघळवून ओतायचा, दिवसाला एका अंशापेक्षा जास्त चढवायचा नाही. धुण्याचा सोडा वेगळा, तो पीएच एकदम वर नेतो. बेकिंग पावडरही वेगळी, त्यात आम्ल आणि स्टार्च असतं. किराणा दुकानात ‘सोडा द्या’ एवढंच म्हणू नका.

विश्रामबाग_तीनफुटी

अजिंक्यतारा, मोजलं. केएच २, पीएच ६.८. नळाचे आकडे टँकचे समजून बसलो होतो.

यादी बदलली. सकर, मोली, एंजल रद्द. हार्लेक्विन इथं एका दुकानात आहेत, चौकशी केली.

तीन शंका आहेत. दुकान बोअरचं पाणी वापरतं, तिथला टीडीएस मोजला तर ९२०. माझा पाणी बदलल्यावर ३२० च्या आसपास राहील. पिशवी तरंगत ठेवून पंधरा मिनिटांत सोडतात, तसं चालेल? दुसरं, क्वारंटाइनसाठी वेगळा टँक नाही, त्याशिवाय जमेल का? तिसरं, पुढच्या शनिवारपासून चार दिवस गावी जायचंय. मासे आधी आणू की नंतर?

मिरज_स्पंज

तिसऱ्याचं उत्तर आधी: नंतर. पहिल्या आठवड्यात घरात डोळे हवेत. शेजाऱ्याच्या हातात खाद्याचा डबा देऊन जाण्यापेक्षा फिल्टरला १ पीपीएमचा डोस देऊन जा, आल्यावर परत एकदा द्या, २४ तासांत शून्य झाला की दुकान गाठा.

पिशवीचं. नुसती तरंगत ठेवली की तापमान जुळतं, टीडीएस जुळत नाही. जास्त टीडीएसमधून कमीत येणं माशाला उलट दिशेपेक्षा जड जातं. पाणी अंगात शिरतं आणि क्षार बाहेर गळतात. लगेच काही दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासा कोपऱ्यात वर तोंड करून उभा राहतो आणि लोक म्हणतात ‘सगळं शून्य होतं तरी मेला’. ९२० वरून ३२० हा मोठा उतार आहे, इथं थेंबाथेंबानंच करायचं.

रीत अशी. पिशवी न उघडता वीस मिनिटं टँकवर तरंगत ठेवा, टँकचा दिवा बंद. मग मासे पाण्यासकट स्वच्छ बादलीत. बादली खाली, टँक वर. एअर पंपाची नळी टँकमधे बुडवून तोंडानं ओढून धार सुरू करायची आणि नळीला सैल गाठ मारायची. गाठ आवळत गेलं की धारेचे थेंब होतात. सेकंदाला दोन-तीन थेंब. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की निम्मं फेकायचं, परत दुप्पट होऊ द्यायचं. टीडीएस मीटर बादलीत बुडवून बघत राहा, टँकपेक्षा ५०-६० नं जास्त असला की पुरे. दीड तास धरून चाला. बादलीवर ताट झाका, हार्लेक्विन उडी मारतात. बादली गार पडत असेल तर ती जाड टॉवेलात गुंडाळा. शेवटी जाळीनं मासे उचलून टँकमधे, बादलीतलं पाणी मोरीत. दुकानाच्या पाण्याचा थेंबही टँकमधे नको.

एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा. मासे पार्सलनं आले, पिशवीत दहा-बारा तास बंद राहिले, तर थेंबाथेंबाचं करू नका. बंद पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो म्हणून तो मारत नाही. पिशवी उघडली, बादलीत ओतली, हलवली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि अजिंक्यतारांनी सांगितलेलं दहा पटीचं गणित तिथं बादलीत घडतं. अशा वेळी तापमान जुळवायचं, पिशवी फोडायची, जाळीनं उचलून थेट सोडायचं. दुकानातून वीस मिनिटांत घरी आणलेल्या माशांना हे लागू नाही.

खरेदीचं एवढंच: माल कुठल्या वारी येतो ते विचारा आणि आठवडाभर थांबून त्याच मालातले मासे घ्या. प्रवासानं खचलेले तोवर दुकानातच गळतात. विकत घेण्याआधी समोर खाद्य टाकायला सांगा. जो वर येत नाही, ज्याची पोटाची रेघ आत गेलीय, शेपटी मिटलेली आहे किंवा विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबतेय, तो नको. त्याच टाकीत एक मेलेला मासा दिसला तर त्या टाकीतलं काहीच नको, स्वस्त दिले तरी.

क्वारंटाइनला वेगळा टँक लागत नाही. झाकणाचा ४० लिटरचा प्लॅस्टिक टब, झाकणाला भोकं, आत एक स्पंज फिल्टर, ५० वॉटचा हीटर आणि लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो. वाळू नको, तळ उघडा असला की विष्ठा दिसते. स्पंज मात्र नवा कोरा चालत नाही. तुमचा स्पंज फिल्टर मोठ्या टँकमधे आधीपासून चालतोय, तोच उचलून टबात न्या आणि त्याच्या जागी नवा स्पंज लावून ठेवा, पुढच्या खेपेपर्यंत तो तयार होतो. मुदत तीन आठवडे, चार केलेत तर अधिक बरं. टबाची जाळी आणि पाइप वेगळे ठेवा. ओली जाळी टबातून काढून टँकमधे घातली की क्वारंटाइन तिथंच संपलं.

वारणाकाठ

मिरज_स्पंजताईंच्या म्हणण्यात एक दुरुस्ती. पहिल्या खेपेला टब लागत नाही. टँक रिकामाच आहे, तोच क्वारंटाइन. हार्लेक्विन थेट आत सोडा आणि तीन आठवडे दुसरं काही आणू नका. टब कोरीपासून.

आणि पहिल्या आठवड्याचं खाद्य: सोडल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवसापासून दहा हार्लेक्विनना मिळून ०.१ ग्रॅम. ०.०१ पर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा अमोनियम क्लोराइड तोलायला घेतला असेलच, त्यावर एकदा खाद्य तोलून बघा. ०.१ ग्रॅम किती कमी दिसतं ते पाहून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी मोजा.

नायट्रेटचा लाल ओळखू येत नाही म्हणालात. थेंबांचं किट एपीआय कंपनीचं असेल तर दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय थेंब टाकू नका, आणि थेंब टाकल्यावर नळी पूर्ण एक मिनिट हलवा. त्या बाटलीतलं रसायन तळाशी बसतं, न हलवता टाकलं की आकडा खोटाच कमी येतो. रंग बघताना नळी पांढऱ्या कार्डाला टेकवून, दिवसाच्या उजेडात.

गणपतीपेठ_गप्पी

हीटरचं कुणी बोललं नाही म्हणून. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे टँक २०-२१ पर्यंत उतरतो आणि दुपारी परत २५. नव्या माशाला पांढरे ठिपके यायला एवढी वरखाली पुरते. १०० लिटरला १०० वॉट, २५ वर लावा, आणि मासे यायच्या दोन दिवस आधी, म्हणजे थर्मोस्टॅट खरा किती अंश धरतो ते वेगळ्या थर्मामीटरवर तपासता येईल. पाणी बदलताना पंधरा मिनिटं आधी बंद करून ठेवा, गरम काच उघडी पडून गार पाणी लागलं की तडकते.

लाइट जाते तिथं बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, आणि तो स्पंज फिल्टरलाच जोडा. हवा पण मिळते आणि स्पंजातले बॅक्टेरिया पण जगतात. आतला फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला तर चालू करण्याआधी त्याचा स्पंज टँकच्याच पाण्यात हलकेच पिळून घ्या. आत कुजलेलं पाणी तसंच टँकमधे फेकलं जाऊ देऊ नका.

एप्रिल-मेमधे नवे मासे आणणं टाळा. २५ अंशाच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला सव्वासात, आणि त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. तुमचं वेळापत्रक मार्चपर्यंत संपतंय, बरं आहे.

विश्रामबाग_तीनफुटी

(अठरा दिवसांनी)

सांगितल्याप्रमाणे पाणी बदललं. केएच ५, पीएच ७.६, नायट्रेट २० वर आलं. गावाहून आल्यावर १ पीपीएमचा डोस दिला, २४ तासांत शून्य. हार्लेक्विन १० आणले, थेंबाथेंबानं दोन तास. दहाही आहेत, खातायत.

पण आज पाचव्या दिवशी नायट्राइट ०.२५ आणि ०.५ च्या मधे. अमोनिया शून्य. खाद्य ०.१ ग्रॅमच. मासे सोडायच्या आदल्या दिवशी आतल्या फिल्टरचा स्पंज काळा पडला होता म्हणून नळाखाली स्वच्छ धुतला होता, त्यानं झालं असेल का? आणि आता सगळं पाणी बदलू का?

वारणाकाठ

त्यानंच झालं. तो काळा-तपकिरी गाळ म्हणजेच तुमची ४१ दिवसांची कमाई होती. नळाच्या क्लोरीननं बरेचसे बॅक्टेरिया मेले, काही धारेबरोबर मोरीत गेले. स्पंज फिल्टरमधले वाचले म्हणून अमोनिया शून्य दिसतोय. नायट्राइट खाणारे हळू वाढतात, ते मागं पडलेत. यापुढं स्पंज फक्त टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात दाबायचा, तोही प्रवाह मंदावला तरच, आणि दोन फिल्टर एकाच दिवशी कधीच नाही.

सगळं पाणी बदलू नका. आज ४० टक्के, हायपो घालून. त्यानंतर १० ग्रॅम साधं खडेमीठ मगभर पाण्यात विरघळवून तीन-चार हप्त्यांत ओता. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद मारतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्याच्या त्याच वाटेनं आत जातं, त्यामुळे नायट्राइटला वाट मिळत नाही. इतक्या कमी मिठानं अनुबियास, जावा फर्नला काही होत नाही. पुढं जितकं पाणी बदलाल तितक्याच प्रमाणात मीठ परत घाला: ४० लिटर बदललं तर ४ ग्रॅम.

खाद्य दोन दिवस बंद, मग एक दिवसाआड ०.१ ग्रॅम. हार्लेक्विनना दोन दिवसांच्या उपासानं काही होत नाही. नायट्राइट रोज मोजा, ०.२५ च्या वर दिसलं की परत ३०-४० टक्के बदला. दहा दिवसांच्या आत उतरायला हवं.

मिरज_स्पंज

कोरी पुढं ढकला. तीन आठवडे कॅलेंडरवर मोजू नका. नायट्राइट शून्य दिसलं की त्या दिवसापासून मोजा. सलग सात दिवस शून्य, त्यात शेवटचे चार दिवस खाद्य रोजचं पूर्ण, मगच कोरी आणून टबात ठेवा. तोवर मोठ्या टँकमधला स्पंज टबासाठी काढू नका, सध्या सगळा भार तोच उचलतोय. त्याच्या शेजारी आत्ताच एक नवा स्पंज लावा, एअर पंपाच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून. कोरी येईपर्यंत तो मुरलेला असेल.

आणि ब्रिसलनोजसाठी शेवाळाची वाट बघत बसू नका. दोडक्याची चकती एक मिनिट उकळून काट्या चमच्याला टोचून रात्री दिवा मालवल्यावर तळाशी ठेवायची, सकाळी उठल्याबरोबर काढायची. दुपारपर्यंत राहिली की पाणी दुधाळ होतं.